लाल टोकांची जोडी

एका खिंडीपलीकडच्या बर्फाळ गावात एक सुईण राहत होती. सुईणीची सगळी विद्या तिने शिकून घेतली होती, पण गाव तिला सुईण म्हणायला अजून तयार नव्हतं. तिचं नाव देस्कित.

गावाचं नाव थांगमूर. तिथे हिवाळा असा यायचा की आधी वाटा बुडायच्या, मग कुंपणं बुडायची, मग घरांचे उंबरे. शेवटी गावाची खूण म्हणून वर उरायचा तो नुसता चुलींचा धूर. अशा दिवसांत पायी निघालं तर माणूस कमरेपर्यंत रुतायचा. म्हणून तिथले लोक पायांना लांब लाकडी फळ्या बांधून बर्फावरून घसरत जात. शहरातली माणसं त्यांना स्की म्हणतात. थांगमूरमध्ये नुसतं फळ्या म्हणत. पाणी आणायचं तर फळ्या, लग्नाला जायचं तर फळ्या. शेजाऱ्याशी भांडायला जायचं तरी आधी खाली बसून फळ्या बांधायला लागत, आणि वाद्या आवळता आवळता निम्मा राग उतरून जाई. त्यामुळे गाव तसं गुण्यागोविंदाने राहत होतं.

फळ्या करणारे सुतार गावात एकच. त्यांना सगळे मेमे म्हणत, म्हणजे आजोबा. मेमे उन्हाळाभर लाकूड वाफवत, वाकवत, तासून गुळगुळीत करत. पहिला बर्फ घट्ट बसला की गाव एक दिवस ठरवी. त्याला म्हणत पारखणीचा दिवस. त्या दिवशी मेमे वर्षभरात केलेल्या सगळ्या जोड्या गावाबाहेरच्या मैदानात, दगडी भिंतीला टेकवून ओळीने उभ्या करत. कोणीही यावं, कुठलीही जोडी पायांत बांधावी, उतारावरून घसरून पाहावी. नाही पटली तर ठेवून दुसरी घ्यावी. नियम एकच होता. सूर्य डोंगराआड जाईल तेव्हा जी जोडी ज्याच्या पायांत असेल, ती वर्षभर त्याची. मग तक्रार करायची नाही. लोक वर्षभर तक्रारच करत, ती गोष्ट वेगळी.

आणखी एक रीत होती आणि ती गावाच्या फार लाडाची होती. उतारावरून खाली आलेल्या माणसाला पुन्हा चढायचे कष्ट नकोत, म्हणून एक म्हातारा याक लांब दोर ओढत मैदानातून उताराच्या माथ्यावर जा-ये करी. खाली आलं की दोर धरायचा, याक वर नेऊन सोडी. त्या दिवशी त्याच्या शिंगांना रंगीत लोकर गुंडाळत आणि त्याला सातूची खीर चारत. लोक म्हणत, वर्षातून एकदा तरी चढाशिवाय उतार मिळावा. ऐकायला किती गोड! पण वर्षाचे बाकीचे दिवस थांगमूरच्या माणसाला जितकं उतरायचं असे तितकंच चढायचंही असे, आणि फळ्या निवडताना हे एकाच्याही डोक्यात येत नसे. मेमेंच्याही नाही, आणि देस्कितच्याही नाही.

देस्कितच्या डोक्यात तर बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी असायचं. तिला जागेपणी स्वप्नं पडत. चुलीवर दूध ठेवून ती खिडकीतून ढगांच्या सावल्या बर्फावरून कशा सरकतात ते बघत बसे, आणि दूध उतू जाई. गावातल्या बायका हे पाहून होत्या. गावाची जुनी सुईण म्हणजे देस्कितची आत्या, आने पाल्मो. अर्ध्या गावाने पहिला श्वास तिच्या हातांत घेतला होता. आता तिच्या गुडघ्यांनी तिच्याशी अबोला धरला होता, म्हणून तिने भाचीला हाताशी धरून सगळं शिकवलं. पण बायका मान हलवत. दूध सांभाळता येत नाही त्या पोरीच्या हाती पोर कसं द्यायचं, असं म्हणत. देस्कितला ते ऐकू येई आणि ते तिला फार लागे.

त्या वर्षी वरच्या वस्तीवर कुंजेस नावाची पहिलटकरीण होती. तिचे दिवस भरत आले होते. वरची वस्ती म्हणजे डोंगराच्या कुशीतली चार-पाच घरं, आणि वाट गावातून सरळ चढाची. आने पाल्मोला ती आता झेपणार नव्हती. जायचं होतं देस्कितने, एकटीने, पहिल्यांदाच. पारखणीच्या सकाळी आत्याने तिला चहा देता देता सांगितलं, "फळ्या नीट बघून घे गं. उशिरा पोचलेली सुईण म्हणजे नुसती पाहुणी."

"हो, आने," देस्कित म्हणाली. तिचं लक्ष खिडकीबाहेर होतं.

मैदानात सकाळचं धुकं होतं. धुक्यात भिंतीला टेकलेल्या फळ्या उभ्या होत्या. काही भूर्जाच्या लाकडाच्या होत्या, काही विलोच्या. देस्कित एकेकीवरून हात फिरवत चालली. ओळीच्या मधोमध ती थांबली. तिथे एक जोडी होती, लांब, सडपातळ, दुधाच्या सायीच्या रंगाची. टोकं डौलात वर वळलेली आणि लाल रंगवलेली. खालच्या बाजूला मेमेंनी इतका लोणी-मेणाचा हात दिला होता की त्यात धुकंसुद्धा दिसत होतं. मेमे शेजारीच उभे होते. "झोप लागत नव्हती, मग रंगवत बसलो," ते लाजून म्हणाले.

ओळीच्या अगदी शेवटी, जिथे भिंत ढासळली होती तिथे, आणखी एक जोडी होती. आखूड, रुंद, आणि खालून घोड्याचं केसाळ कातडं शिवलेली. अशा फळ्या वरच्या वस्तीचे लोक स्वतःच बनवून वापरत, आणि गावातली पोरं त्यांना 'केसाळ पायांचे' म्हणून चिडवत. मेमेंनीही ती जोडी काही हौसेने केली नव्हती. म्हातारा घोडा गेला, त्याचं कातडं घरात पडून राहिलं, आणि बायको रोज डोकं खाऊ लागली. शेवटी त्यांनी ते फळ्यांना शिवून टाकलं आणि जोडी कोणाच्या नजरेत येणार नाही अशा जागी ठेवली. देस्कितने तिच्याकडे पाहिलं आणि तिला हसू आलं.

ऊन वर आलं तसं धुकं विरलं आणि मैदान माणसांनी भरलं. देस्कितने एक जोडी बांधली, ती सारखी डावीकडे ओढत होती. दुसरी जड होती. तिसरी बरी होती, मुकाट्याने चालणारी, पण तिच्यावरून उतरताना कोणी वळूनही पाहिलं नाही. तेवढ्यात वरून नोर्बू आला. नोर्बू म्हणजे थांगमूरच्या उताराचा राजा, आणि ही गोष्ट सगळ्यांच्या आधी त्यालाच माहीत होती. त्याच्या पायांत लाल टोकं होती. तो बर्फावर एक लांब वळण काढत, जराही आवाज न करता मैदानात येऊन थांबला, आणि सगळ्या गावाने रोखलेला श्वास सोडला. मग त्या जोडीसाठी रांग लागली.

देस्कितची पाळी आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. याकाने तिला माथ्यावर नेऊन सोडलं. तिने वाद्या आवळल्या, काठी टेकली आणि सुटली.

आधी आवाज गेले. माणसांचे, कुत्र्यांचे, वाऱ्याचा. मग अंगाचं वजन गेलं. आपण खाली जात नाही, डोंगरच आपल्याला सोडून हळूहळू वर तरंगत चालला आहे, असं तिला वाटू लागलं. बर्फ निळसर झाला. तिची सावली तिच्या बाजूने चालली होती, मग जरा पुढे गेली, मग पुन्हा परत आली. खाली गाव दिसत होतं, पण फार लांबचं, कोणीतरी सांगितलेल्या गोष्टीतलं. तिला वाटलं, हे संपूच नये. लहानपणापासून खिडकीत बसून पाहिलेलं सगळं त्या एका उतारात होतं, आणि आता ती त्याच्या आत होती.

ते संपलं तेव्हा ती मैदानाच्या मध्यात उभी होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. ज्या बायका तिला पाहून मान हलवत, त्याही वाजवत होत्या. खोटं कशाला सांगायचं, भिंतीशी उन्हात बसलेल्या आने पाल्मोनेही वाजवल्या. देस्कितच्या छातीत काहीतरी फुललं. आज मी यांना आवडले, असं तिच्या मनात आलं. या फळ्या पायांत असतील तर या बायका मला सुईणही म्हणतील.

रीत अशी होती की एक फेरी झाली की जोडी पुढच्याच्या हाती द्यायची. नियम नव्हता तो, नुसती रीत होती, आणि माणसाला हाव सुटली की एवढा फरक त्याला पुरतो. देस्कितने वाद्या सोडल्या नाहीत. तिने पुन्हा दोर धरला. मग आणखी एकदा. रांगेतले लोक कुरकुरले.

"देस्कित, आमच्यासाठी ठेवशील का काही?" नोर्बू ओरडला.

"सूर्य मावळला की विचार!" ती वरून म्हणाली, आणि सगळे हसले. आपल्या बोलण्यावर गाव हसतं हेही तिला नवीन होतं.

दुपार कलली तेव्हा वरच्या वाटेने एक माणूस धापा टाकत मैदानात उतरला. तो कुंजेसचा नवरा, तुंडुप. त्याच्या भुवयांवर बर्फ जमला होता. तो सरळ आने पाल्मोकडे गेला, आणि आने पाल्मोने देस्कितकडे बोट दाखवलं. तुंडुपने वळून पाहिलं. उतारावरून हसत येणारी ती मुलगी हीच आपली सुईण, हे समजायला त्याला एक क्षण लागला.

"कुंजेसला कळा सुरू झाल्यात," तो म्हणाला. "आठ दिवस आधीच. घरात फक्त माझी आई आहे आणि तिला नीट दिसत नाही. चल."

देस्कितचं हसू मावळलं. तिने आत्याजवळून सुईणीच्या सामानाची पिशवी घेतली. ती पाठीला बांधताना काय काय करायचं ते तिला सगळं आठवत होतं. ती खरंच चांगलं शिकली होती.

"लाल जोडी इथेच ठेव. मी सांभाळतो," नोर्बू म्हणाला, आणि आजूबाजूचे हसले. नोर्बूच्या सांभाळण्याचा अर्थ देस्कितला नीट कळत होता. तिने आभाळाकडे पाहिलं. सूर्य अजून डोंगराच्या धारेपासून दोन हात वर होता. आत्ता वाद्या सोडल्या तर जोडी गेली. पायांत राहू दिली तर सूर्य कुठेही मावळो, जोडी तिचीच.

तुंडुपने तिच्या पायांकडे पाहिलं. "या चढतात का?"

"न चढायला काय झालं, आचो?" ती म्हणाली; आचो म्हणजे तिकडचा दादा. "तुम्ही पुढे व्हा. कुंजेसजवळ तुम्ही हवेत. मी आलेच पाठोपाठ."

तुंडुपला थांबायला वेळ नव्हता. तो निघाला. त्याच्या फळ्या केसाळ होत्या, मळलेल्या होत्या, आणि तो उतारावर नुसता चालत चालत वर गेला.

देस्कितने याकाचा दोर धरला. माथ्यापर्यंत सगळं सोपं होतं. सजवलेला याक संथ चालत होता, त्याच्या शिंगांची लोकर वाऱ्यावर हलत होती. माथ्यावर याक थांबला, कारण त्याची वाट तिथे संपत होती. वरच्या वस्तीचा चढ तिथून सुरू होत होता.

तिने एक पाऊल पुढे टाकलं आणि दीड पाऊल मागे आली. तिला वाटलं, जोर कमी पडला. तिने काठी रोवून पुन्हा पाऊल टाकलं, पुन्हा घसरली. फळ्या आडव्या करून पायऱ्या चढल्यासारखं करून पाहिलं. जरा वर गेली, आणि मग दोन्ही फळ्या एकदम निसटल्या आणि ती तोंडावर पडली. लोण्या-मेणाने माखलेल्या त्या गुळगुळीत लाकडाला वर हा शब्दच माहीत नव्हता. तिने वाद्या सोडून पायी जायचं ठरवलं. पहिल्याच पावलाला कमरेपर्यंत रुतली. कशीबशी बाहेर येऊन तिने पुन्हा फळ्या बांधल्या.

वर, खूप वर, तुंडुप दिसत होता. तो थांबून खाली पाहत होता. इतक्या लांबून त्याचा चेहरा दिसत नव्हता.

देस्कित गुडघ्यांवर बसली. तिच्या मनात आलं, अजून एकदा जोर लावू. मग आलं, धुकं उतरेल, बर्फ कडक होईल, मग पायी चढता येईल. मग आलं, पहिलटकरणीला वेळ लागतोच. मन असं फार हुशार असतं. हवी असलेली वस्तू हातून सुटू नये म्हणून ते एकामागून एक चांगली कारणं काढून देतं, आणि प्रत्येक कारण खरंही असतं. ती मांडीवर हात ठेवून ते ऐकत राहिली. समोर लाल टोकं उन्हात चमकत होती.

मग तिला कुंजेस दिसली. जागेपणी स्वप्न पडायची तिला सवयच होती, पण असलं कधी पडलं नव्हतं. चुलीजवळ अंथरलेलं कांबळं, त्यावर कुंजेस, घामाने केस कपाळाला चिकटलेले. कळ आली की ती दाराकडे बघत होती. कळ ओसरली तरी दाराकडेच बघत होती. आणि दार उघडत नव्हतं.

देस्कितला त्या थंडीत कानांपर्यंत शरमेची ऊब जाणवली. ती उठली. फळ्यांची टोकं तिने खाली वळवली आणि काठी टेकली.

त्या दिवसातली सगळ्यात सुंदर घसरण ती होती. उतार लांबच लांब होता, ऊन सोनेरी झालं होतं, आणि फळ्या तिला घेऊन इतक्या अलगद निघाल्या की डोळ्यांतलं पाणी गालांवर न येता कानांकडे गेलं. पण ती सगळी घसरण कुंजेसपासून लांब जात होती. देस्कितला ते क्षणाक्षणाला कळत होतं.

मैदानात पोचताच तिने वाद्या ओढून सोडल्या आणि जोडी नोर्बूच्या हातात दिली.

"खरंच?" नोर्बू म्हणाला.

ती ओळीच्या शेवटी गेली. केसाळ जोडी तिथेच होती. दिवसभरात तिला कोणी हातही लावला नव्हता. देस्कितने ती बर्फावर टाकली आणि पाय आत सरकवले. आखूड रुंद फळ्यांवर उभी राहिलेली ती बदकासारखी दिसत होती.

"सुईणबाई, पाय विंचरून निघा हो!" कोणीतरी ओरडलं आणि मोठा हशा पिकला.

तिने वळून पाहिलं नाही. याक दोर घेऊन खाली येत होता. त्याची वाट न पाहता ती चढू लागली.

खर्र. कातड्याचे केस मागे वळलेले होते, म्हणून फळी पुढे सरकताना ते गप्प पडून राहत, आणि मागे घसरू लागली की उभे राहून बर्फ धरून ठेवत. मांजराच्या अंगावरून उलटा हात फिरवावा तसं. खर्र, खर्र. देस्कितला प्रथम विश्वास बसेना. टाकलेलं पाऊल टाकल्या जागीच राहत होतं. माथा आला, मागे पडला. चढ सुरू झाला, आणि ती तशीच चढत राहिली. वेग असा नव्हताच. कोणी टाळ्या वाजवाव्यात असंही त्यात काही नव्हतं. पायाखाली खर्र, तोंडापुढे स्वतःच्या श्वासाची वाफ, आणि बाजूने सरकणारं निळं धुकं. खाली मैदानात एकदम आरडाओरडा झाला. सूर्य मावळला होता आणि लोक आपापल्या जोड्या मिरवत होते. तिला तो गलका ऐकू आला, पण तो कशाचा होता ते तिच्या लक्षात आलं नाही.

वस्तीवर पोचली तेव्हा घरांत दिवे लागत होते. तुंडुप दारात उभा होता. तो बाजूला झाला.

आत चुलीजवळ कुंजेस होती. तिची दाराकडे लागलेली नजर देस्कितवर आली आणि तिथेच राहिली. "आलीस," ती म्हणाली, आणि तिला पुन्हा कळ आली. सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि देवाचं नाव घेत होती. देस्कितने हात धुतले, शेकले, आणि कामाला लागली. बाळाचं डोकं दिसत होतं. डोकं बाहेर आलं तेव्हा तिच्या बोटांना मानेभोवती नाळ लागली. एक वेढा होता, आणि तो आवळत होता. देस्कितचं मन तेव्हा कुठेही भटकलं नाही. तिने बोट वेढ्याखाली सरकवलं, तो सैल केला, आणि हलक्या हाताने बाळाच्या डोक्यावरून काढला. मग बाळ आलं.

ते निळं होतं आणि रडत नव्हतं.

तिने त्याचं तोंड पुसलं, त्याला हातावर पालथं घेतलं, पाठ चोळली. चोळत राहिली. घरात चुलीतल्या लाकडाचा तेवढा आवाज होता. मग बाळाने एक लहानसा उसासा टाकला, जणू त्याला कोणीतरी छान झोपेतून उठवलं होतं, आणि लगेच मोठ्याने भोकाड पसरलं. कुंजेस हसली आणि रडली. सासू म्हणाली, "वेढा होता ना? माझ्या हाताला लागला असता की नाही कोण जाणे. आणखी जरा उशीर झाला असता तर..."

मुलगी झाली होती. तुंडुपने तिला दोन्ही हातांत घेतलं आणि बराच वेळ तो तिच्याकडे पाहत राहिला. मग मान वर न करता तो म्हणाला, "मी वरून बघत होतो. तू बसलीस, मग उठलीस, आणि खाली वळलीस. मला वाटलं, ही आपल्याला सोडून गेली."

"फळ्या बदलायला गेले होते, आचो," देस्कित म्हणाली.

तुंडुपने मुलीला नीट गुंडाळलं. देस्कितला आपलंच उत्तर पुरं वाटलं नाही.

"सकाळीच बदलायला हव्या होत्या," ती म्हणाली. मग ती बाळंतिणीचं आवरायच्या निमित्ताने भिंतीकडे तोंड करून बसली. तुंडुपने मुलगी तिच्या आईपाशी ठेवली. मग तो बाहेर गेला, देस्कितच्या फळ्या आत आणल्या, त्यांचा बर्फ झटकला, आणि केस वाळतील अशा बेताने त्या चुलीजवळ, स्वतःच्या फळ्यांशेजारी उभ्या केल्या.

दुसऱ्या दिवशी कुंजेसला बरं वाटतंय अशी खात्री झाल्यावर देस्कित घरी निघाली. तेव्हा तिला त्या जोडीची दुसरी बाजू कळली. केसाळ फळ्या उतारावरही सावकाशच जात. अर्धा उतार ती चालतच आली. मध्येच नोर्बू वरून तिच्या शेजारून गेला, लाल टोकांवर, एक लांब वळण काढत, आवाज न करता. देस्कित थांबली आणि तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. तिला आत दुखलं. ते वळण आता तिचं नव्हतं, आणि तिला ते अजूनही हवं होतं. पुढे खालच्या ओढ्याशी तिला नोर्बू पुन्हा दिसला. लाल जोडी खांद्यावर टाकून, मांड्यांपर्यंत रुतत तो पलीकडचा चढ चढत होता आणि मेमेंच्या नावाने बोटं मोडत होता. ती हसली नाही. त्याने हात केला, तिनेही केला.

गावात बातमी तिच्या आधीच पोचली होती. आने पाल्मो दारात बसून येईल त्याला वेढ्याची हकिकत सांगत होती, आणि प्रत्येक वेळी वेढा थोडा आणखी घट्ट होत होता. गल्लीच्या तोंडाशी देस्कितला यांगचान भेटली. बायकांमध्ये सगळ्यांत जोरात मान हलवणारी ती हीच. तिला सहावा महिना होता. ती एक हात पोटावर ठेवून उभी राहिली. तिने आधी देस्कितच्या तोंडाकडे पाहिलं, मग पायांकडे. त्या केसाळ फळ्यांना ती हसली नाही.

"माझ्या वेळी येशील ना गं?" तिने विचारलं.

"येईन."

"माझं घरही चढावरच आहे."

"माहीत आहे," देस्कित म्हणाली.

तात्पर्य: निवडताना आपण कशात शोभून दिसतो ते पाहू नये, आपल्याला कुठे पोचायचं आहे ते पाहावं, आणि निवड चुकली असं कळलं, तर कितीही आवडती वस्तू असो, ती हातातून सोडायला उशीर करू नये, कारण त्या उशिराची किंमत दाराकडे डोळे लावून बसलेलं दुसरंच कोणीतरी मोजत असतं.